दीर्घिकेला काठ नसतो

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी दूरच्या दीर्घिकांचं (गॅलेक्सींचं) आकारमान हा विषय घेतला. स्वतःची दुर्बीण लागलीच नाही. हबल अवकाश दुर्बिणीची चित्रं सगळ्यांना खुली आहेत, पायथॉन ही संगणकभाषा फुकट मिळते, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातला जुना लॅपटॉप कामाला पुरला.

पहिला प्रश्न पडतो तो हाच: दीर्घिका संपते कुठे? जानेवारीत पहाटे गोदाकाठी धुकं असलं की दिव्याभोवतीचा उजेड कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. इथेही तसंच. म्हणून काठ शोधतच नाहीत. एकूण प्रकाशातला निम्मा जेवढ्यात मावतो, तेवढी त्रिज्या घेतात. ती अर्धप्रकाश त्रिज्या. मध्यापासून बाहेर प्रकाश कसा उतरत जातो, याचं होसे लुईस सेर्सिक यांचं १९६३ मधलं सूत्र आजही चालतं. गॅलफिट हा प्रोग्रॅम ते चित्रावर बसवून देतो.

रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला, याचं माप. रेडशिफ्ट २ म्हणजे सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तिथली एक विकला (आकाशातल्या एका अंशाचा ३६०० वा भाग) सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांएवढी भरते. त्या काळातल्या कित्येक दीर्घिका हबलच्या स्वतःच्या धूसरपणाएवढ्याच (ठिपक्यासारखा ताराही चित्रात जेवढा पसरून दिसतो तेवढ्या), काही त्याहूनही लहान. तो धूसरपणा आधी चित्रातल्या जवळच्या ताऱ्यावरून नीट मोजून घ्या. शिवाय इतक्या लांबवर पृष्ठतेज, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड, ८१ पट फिकं होतं, म्हणून दीर्घिकेची कड आकाशाच्या पार्श्वभूमीत विरून जाते.

माझी चूक तिथेच झाली. चित्रातून वजा करायची आकाशाची पार्श्वभूमी जरा जास्त धरली गेली आणि दीर्घिकांचा फिका बाहेरचा भागही वजा झाला. आकडे छान दिसत होते, दोन महिने मी खूश होते. मग मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, "खोट्या दीर्घिका टाकून बघ." त्रिज्या माहीत असलेल्या दोनशे कृत्रिम दीर्घिका मी त्याच चित्रात पेरल्या आणि मोजल्या. मोठ्या होत्या त्या जवळपास सगळ्या लहान निघाल्या. सगळं काम पुन्हा केलं. या चाचणीशिवाय मी आता एकही आकडा कोणाला दाखवत नाही.

आता काळाबरोबरचा बदल. तारे घडणं थांबलेल्या वजनदार दीर्घिका त्या काळी आजच्या तेवढ्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांच्या मानाने आकाराने सुमारे एक-पंचमांश होत्या. लहान दीर्घिका गिळून बाहेरून वाढ झाली, हे एक कारण. पण सरासरी वाढली म्हणजे प्रत्येक दीर्घिका वाढली असं नाही. वर्गात नवीन उंच मुलं आली तरी वर्गाची सरासरी उंची वाढतेच. उशिरा शांत झालेल्या, म्हणजे तारे घडणं उशिरा थांबलेल्या दीर्घिका मुळातच मोठ्या असतात आणि त्या गणतीत भर घालतात. या दोन कारणांचा वाटा वेगळा करणं मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

सुरुवात करताना पहिल्या पन्नास दीर्घिकांवर सूत्र एकेक करून हाताने बसवा. प्रत्येक वेळी मूळ चित्रातून सूत्राने बनवलेलं प्रतिमान (मॉडेल) वजा करून उरलेलं चित्र उघडा. मध्यभागी पांढरं कडं उरलेलं दिसलं, तर धूसरपणाची फाइल पुन्हा तपासा.