भिंतीतली वायर ड्रिलने तुटली? दुरुस्तीत या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे आठ दिवस मला एकाच प्रकारचे फोन येतात. मखरामागे पडदा बांधायला खिळा ठोकला, ठिणगी उडाली, हॉलमधले दिवे गेले. त्यात पावसाने भिंती ओल धरलेल्या. खिळा बहुतेक वेळा स्विचबोर्डाच्या सरळ वर लागलेला असतो, कारण कन्सील (भिंतीत लपवलेल्या) वायरिंगचा पाइप स्लॅबमधून तिथेच सरळ खाली उतरतो.

पहिली चूक त्याच क्षणी होते, ती म्हणजे पडलेला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पुन्हा वर करून बघणं. कधी तो टिकतो, दिवे लागतात आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. पण 1.5 एमएमची वायर म्हणजे बारीक तारांची जुडी. त्यातल्या अर्ध्या तुटल्या तरी पंखा फिरतोच. जुडी जिथे बारीक झाली तिथे ती तापत राहते, आणि उघड्या तांब्याला भिंतीची ओल लागते.

खिळा उपटायची घाईही नको. तो फेजला, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरीला, टेकलेला असेल तर खिळ्यातच 230 व्होल्ट आहेत. आधी मेन स्विच पाडा आणि लगेच इन्व्हर्टरही बंद करा. हे दुसरं पाऊल फार लोक विसरतात. मेन पाडला तरी इन्व्हर्टर त्याच वायरीत वीज ढकलत असतो.

टेस्टर लागला नाही म्हणून वायर मेली, असं धरू नका. बल्ब गेलेला टेस्टरही लागत नाही. मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर तो तपासा, मेन पाडल्यावर तुटलेल्या जागी लावा, आणि शक्य असेल तर मल्टिमीटरनेच बघा.

टेस्टरची दुसरी फसवणूक अशी, की सॉकेटच्या दोन्ही भोकांत तो लागतो आणि लोक म्हणतात, ‘डबल फेज आला’. बहुतेक वेळा तसं काही नसतं. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तुटलेला असतो, आणि चालू ठेवलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरीत येतो. अशा वेळी फेजची वायर शोधत भिंत फोडू नका.

आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पडणाऱ्या स्विचचं, दुखणं वेगळं. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्या सर्किटचा एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर न्यूट्रल ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला टेकल्याची शंका घ्या. आरसीसीबी बायपास करून ‘तात्पुरतं’ चालवणं हा जिवाशी खेळ आहे. 30 मिलिअँपिअरची गळती पकडणारा घरात दुसरा कोणी नाही. एमसीबीला ती दिसतच नाही.

आता मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट. तुटलेल्या जागी चार इंच प्लास्टर फोडायचं, दोन टोकं पिळायची, काळी टेप गुंडाळायची आणि वरून सिमेंट. दोन-तीन पावसाळ्यांत टेपचा गोंद सुटतो, पीळ सैल पडतो, आणि दोष कुठे आहे हे कोणालाच आठवत नाही. भिंतीत गाडलेला जॉइंट मी करत नाही, कोणाला करूही देत नाही.

पाइप आहे, त्याचा उपयोग करा. छतातल्या फॅन बॉक्सपासून स्विचबोर्डापर्यंत अख्खी नवी वायर ओढा. जुनी वायर जिथे धड आहे तिथे तिलाच नवी बांधून ओढता येते. ती तुटली असेल तर वायर ओढायची लांब स्प्रिंग पाइपात घालावी लागते. ड्रिलने पाइपही फोडला असेल, तर वायर तिथे अडते. मग तेवढंच प्लास्टर काढून फुटलेला तुकडा कापायचा आणि कपलर लावून पाइप सलग करायचा. तेही जमत नसेल तर तिथे बॉक्स बसवा, जॉइंट कनेक्टरने करा आणि वर कोरी प्लेट लावा. ती प्लेट दिसेल, म्हणून पुट्टी मारून झाकू नका. पुढच्या माणसाला ती उघडता आली पाहिजे. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची पिळून जोडू नका. तो जॉइंट गंजतो आणि तापतो.

हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर तुटली तर कोणाचं लक्षच जात नाही, कारण दिवे, पंखे, गिझर सगळं चालतं. मेन आणि इन्व्हर्टर बंद ठेवून सॉकेटच्या अर्थपासून बोर्डाच्या अर्थपट्टीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, ते बघा. गिझरच्या सर्किटला हे न करता काम संपवू नये.

प्लास्टर करण्याआधी मेगर (वायरीचं इन्सुलेशन धड आहे का ते मोजणारं यंत्र) लावायचा. दिवे, चार्जर, टीव्ही आधी काढून ठेवा, नाहीतर 500 व्होल्टने ते जातील. फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी मोजल्यावर किमान 1 मेगाओहम यायला हवा. मेगर घरी नसतो, म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच घ्या, आणि आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. भिंत उघडी असतानाच मोजपट्टी धरून पाइपचे फोटो काढून ठेवा; पुढच्या वर्षी मखराचा खिळा मारताना उपयोगी पडतील.