सीएनसी राउटरचा कट कमी-जास्त खोल जातोय? स्टेप्सना हात लावण्याआधी हे तपासा

३ मिमी खोली दिली आणि कुठे २.७, कुठे ३.२ मिमी कट पडला, की बरेच जण लगेच झेड अक्षाच्या (बिट वर-खाली नेणाऱ्या) स्टेप्स, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने घ्यायची पावलं, बदलतात. तसं करू नका. जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ३०१८ सारख्या छोट्या सीएनसी मशीनमध्ये बहुतेक वेळा काहीतरी ढिलं असतं, घसरलेलं असतं, नाहीतर बेड समतल नसतो.

एमडीएफच्या एका तुकड्यावर चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी १५ मिमीचे, २ मिमी खोल चौकोनी खड्डे कापा. सगळ्यांत शेवटी, पहिल्या खड्ड्याला लागूनच सहावा कापा. मग व्हर्नियरच्या मागच्या दांडीने सगळे मोजा.

सगळे सारखेच चुकले असतील तर झीरो, म्हणजे जिथून खोली मोजली जाते तो बिंदू, चुकलाय. प्रोब प्लेटची (बिट टेकवून झीरो घ्यायच्या धातूच्या पट्टीची) जाडी मोजून तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाका. कागद सरकवून झीरो घेत असाल तर त्याची साधारण ०.१ मिमी जाडी धरा.

कोपऱ्याकोपऱ्याला फरक असेल तर बेड किंवा माल वाकडा आहे. बेडवर एमडीएफ घट्ट बसवून मशीननेच ०.३ मिमीच्या पासने तो समतल करून घ्या. माल फक्त कडांना क्लॅम्प केला असेल तर मध्ये फुगतो. भुसा वर फेकणारं अपकट बिट तो आणखी वर ओढतं.

पहिला आणि सहावा जुळत नसतील तर मात्र कसून शोधावं लागेल. बिटच्या दांड्यावर, बिट धरणाऱ्या कॉलेटच्या नटच्या अगदी कडेला, मार्करने रेघ मारा. कट झाल्यावर रेघ आणि नट यांत फट दिसली, तर बिट खाली सरकलंय. ईआर ११ कॉलेटमधला भुसा झटका, कॉलेट आधी नटमध्ये ‘टक्’ करून बसवा, मगच बिट घाला आणि दोन पाने लावून आवळा. बिट फिरवणाऱ्या ७७५ मोटरवर कॉलेटची नळीही बिनडोक्याच्या छोट्या ग्रब स्क्रूवरच उभी असते, तेही आवळा. झेड मोटर आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे स्क्रू तर हमखास ढिले होतात.

रेघ जागेवर आहे, स्क्रूही घट्ट आहेत, तरी कट खोल खोल होत जातोय? मग स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) वर उचलताना झेड मोटरच्या स्टेप्स चुकताहेत. उलट कट उथळ होत गेला तर खाली उतरण्याचा वेग जास्त आहे. जीआरबीएलच्या सेटिंगमधले $११२ (झेडचा कमाल वेग) आणि $१२२ (झेडचा प्रवेग) निम्म्यावर आणून पाहा, लीड स्क्रू पुसून तेल द्या.

स्टेप्सचा हिशोब शेवटी. २०० स्टेप्सची मोटर, १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग), एका फेऱ्यात ४ मिमी सरकणारा स्क्रू: २०० × १६ ÷ ४ = ८००. $१०२ (झेडच्या प्रति मिमी स्टेप्स) मध्ये हाच आकडा हवा. झेड ३० मिमी हलवून मोजा. बरोबर निम्मं किंवा दुप्पट आलं तर मायक्रोस्टेपचे जंपर किंवा स्क्रूची लीड (एका फेऱ्यातलं सरकणं) वेगळी आहे. दोन-तीन दशांश मिमीच्या फरकासाठी ८०० चे ८१६ करू नका. एकाच बिंदूवर वरून आणि खालून येऊन डायल गेजवर फरक पाहा. तो ०.१ मिमीच्या वर असेल तर लीड स्क्रूवरचा पितळी नट झिजलाय, ढिलाई काढणारा स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट बसवा.

आरपार कापायचं असेल तर झीरो बेडवर घ्या, कारण ६ मिमी म्हणून विकलेला प्लाय अनेकदा तेवढा भरत नाही. पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) ०.१ मिमी कोरताना कँडल या सॉफ्टवेअरमध्ये हाइट मॅप (पृष्ठभागाच्या उंच-सखलपणाचा नकाशा) घ्याच.