क्लच खोललात? आधी प्लेटकडं बघू नका

ट्रॅक्टरचे मधून दोन भाग झाले की सगळ्यांचे डोळे क्लच प्लेटवर, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडं नेणाऱ्या अस्तराच्या चकतीवर जातात. मी म्हणेन, प्लेट राहू द्या, टॉर्च हातात घ्या आणि क्लच हाउसिंगचा, म्हणजे क्लच ज्या डब्यात बसतो त्याचा तळ बघा. आमच्या महिंद्राच्या बी-२७५ ट्रॅक्टरनं मला हे दोन प्लेटांचे पैसे घेऊन शिकवलं.

१९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, त्या काळातलं हे मॉडेल. चार सिलेंडर, ३५ एचपी. वडिलांनी तो जुनाच घेतला होता आणि वाळव्याच्या काळ्या रानात त्याचं सगळं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलं. पुढं पुढं चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, ट्रॉली जागची हलायची नाही. एका गॅरेजात नवी प्लेट टाकली. हंगाम संपायच्या आत पुन्हा तेच. दुसरी टाकली, तिचीही तीच गत. दोन्ही वेळा ठपका धाकट्या भावावर, "हा क्लचवर पाय ठेवून चालवतो" म्हणून. गेल्या उन्हाळ्यात अख्खा ट्रॅक्टर खोलायला घेतला तेव्हा कुठं त्याची सुटका झाली.

खोलताना एकच गोष्ट जिवावरची आहे. पुढचा अॅक्सल मध्यभागी एका पिनवर झुलतो. ट्रॅक्टर मधून सुटला की इंजिनाचा भाग डावी-उजवीकडं कलंडू शकतो. म्हणून अॅक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका, मगच बोल्टला पाना लावा. मागच्या भागाखाली बाभळीचे ठोकळे, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर विसंबून आत हात घालायचा नाही.

आता हाउसिंगचा तळ. आमच्याकडं तिथं काळा चिखल होता, तेल आणि प्लेटची भुकटी मिळून झालेला. तळाला एक छोटं छिद्र असतं, त्यात कॉटर पिन (दुमडलेल्या तारेची दोन पायांची पिन) लटकती ठेवलेली असते. तेल गळलं तर ते खाली पडून दिसावं यासाठी ही सोय. आमची पिन कुणीतरी काढून छिद्रात चिंधी कोंबली होती! थेंब बंद, तक्रार बंद, आणि तेल गेलं प्लेटवर, म्हणून ती घसरायची.

तेल कुठलं, ते बोटावर घेऊन ओळखा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनाचं, म्हणजे क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलं. दाट, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे प्लेट ज्या दांड्यावर बसते त्याचं सील. आमचं काळं निघालं. सील बदलताना शाफ्टवर जिथं ते घासतं तिथं नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही. आणि हो, आतली भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या प्लेटांत अॅसबेस्टॉस असायचं. तोंडाला मास्क लावा, फडकं ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्लेटला स्प्रिंगांच्या जोरानं दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि प्लेट जिच्यावर दाबली जाते ते इंजिनाचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. प्रेशर प्लेट काढायच्या आधी तिच्या कव्हरवर आणि फ्लायव्हीलवर पंचानं समोरासमोर एकेक खूण करा. ती त्याच जागी परत बसली की तोल बिघडत नाही. बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी एकेक फेरा, असे सैल करायचे. एकीकडचे आधी पूर्ण काढले तर आतल्या स्प्रिंगांच्या जोरानं कव्हर वाकतं.

आता घ्या प्लेट. अस्तर धरून ठेवणाऱ्या रिव्हेटचं डोकं अस्तरापासून किती खोल आहे ते व्हर्निअरनं बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आलं की मी प्लेट बदलतो. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसवतात, मी त्या भानगडीत पडत नाही. आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतंच. हबमधल्या (प्लेटच्या मधल्या भागातल्या) स्प्रिंगा हातानं हलवून बघा, खुळखुळत असतील तर प्लेट गेली. मग प्लेट इनपुट शाफ्टवर चढवून पुढं-मागं सरकवा. ती सैल, न अडकता सरकली पाहिजे. अडकली तर क्लच दाबूनही पूर्ण सुटणार नाही आणि गिअर टाकताना करकर होईल.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या पृष्ठभागावर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा बघा. डाग पॉलिश पेपरनं जाण्यासारखे असतील तर ठीक. चिरा खोल असतील तर लेथ किंवा नवा भाग. प्रेशर प्लेटवर स्टीलची पट्टी आडवी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. मी ०.१५ मिलिमीटरचं पान घालतो. ते आरपार गेलं म्हणजे प्लेट बशीसारखी झाली आहे. लेथवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. फ्लायव्हील खोलगट असेल तर आतला तळ जेवढा घासला तेवढीच कव्हर बसायची कडही घासायची, नाहीतर दाब कमी पडतो. प्रेशर प्लेट घासली तर तेवढ्याच जाडीचे वायसर स्प्रिंगांखाली घालायचे. कारण तेच, दाब.

रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर पुढं सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग, डिझेलच्या टोपात टाकू नका. आमच्याकडं हा रिवाजच आहे, सगळं टोपात. या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून बंद केलेलं असतं, डिझेल ते धुऊन काढतं. नुसतं पुसा, कानाशी धरून फिरवा. जरा खरखर आली तरी बदला. त्याच्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर सोडवणं कुणाला परवडतं? फ्लायव्हीलच्या मधलं छोटं पायलट बेअरिंग त्याच वेळी नवं घाला. आणि हे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचे बुश तपासा. आमचे इतके खाल्ले होते की निम्मं पेडल बुशमधली ढील काढण्यातच जायचं.

बसवताना हात साबणानं धुवा. नव्या प्लेटवर ग्रीसचा अंगठा उठवून नंतर थरथर का येते म्हणून विचारणारे मी पाहिलेत. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा छापलेली असते, ती वाचा. प्लेट मध्यावर धरायला भंगारातून जुना इनपुट शाफ्ट आणा; नसेल तर टर्नरकडून लाकडी दांडा करून घ्या. बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळा. मग बेअरिंग ज्यांना दाबतं त्या प्रेशर प्लेटच्या तिन्ही फिंगरांची उंची मोजा, आकडा तुमच्या मॅन्युअलचा. माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सारखी हवीत. एक फिंगर उंच राहिली तर प्लेट तिरकी सुटते आणि ट्रॅक्टर उड्या मारत निघतो.

शेवटी पेडलची मोकळी चाल, म्हणजे बेअरिंग फिंगरांना टेकेपर्यंत पेडल जेवढं सहज दबतं तेवढी. प्लेट झिजेल तशी ती कमी होत जाते. चाल संपली की बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरतो. म्हणून पहिल्या दहा-बारा तासांच्या कामानंतर एकदा तपासा.

आम्ही ट्रॅक्टर जोडला, ब्रेक लॉक केले, वरच्या गिअरमध्ये टाकून अर्ध्या रेसवर क्लच हळू सोडला. इंजिन घुर्र करून जागीच बंद पडलं. घसरलं असतं तर फिरतच राहिलं असतं. हाउसिंगखालच्या छिद्रात नवी कॉटर पिन लटकवली आहे. भाऊ रोज सकाळी तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतो आणि संध्याकाळी मला आणून दाखवतो.