विभाजकांच्या यादीतून एखाददुसरा निसटतोच? माझा अनुभव

३६० चे विभाजक लिहायला घेतले की यादी कधी २२ वर थांबायची कधी २३ वर, आणि खरे आहेत २४. आधी पाढे आठवून लिहून बघितले, मग ३६० पर्यंत प्रत्येक आकड्याने भागायला घेतलं (उत्तर बरोबर येतं पण जीव जातो), मूळ अवयव पाडले तर २×२×२×३×३×५ वरून विभाजक किती ते कळतं, पण यादी हातात येत नाही. जाम वैताग आला होता.

शेवटी जमलं ते जोड्यांनी. आधी वर्ग बघायचा: १८ चा वर्ग ३२४, १९ चा ३६१, म्हणजे १८ च्या पुढे जायचंच नाही. आता १ पासून एकेकाने भागायचं आणि भाग गेला की लगेच भागाकारही शेजारी लिहायचा, १-३६०, २-१८०, ३-१२०, ४-९०, ५-७२, ६-६०, मग ७ ने जात नाही, ८-४५, असं करत शेवटची जोडी १८-२०. १२ जोड्या, २४ विभाजक, एकही सुटत नाही! १४४ सारखी पूर्ण वर्ग संख्या असेल तर १२-१२ मधला १२ एकदाच धरा, म्हणून तिथे १५ येतात.

मूळ संख्या तपासतानाही हीच मर्यादा, फक्त भागायचं मूळ संख्यांनीच. २२१ आणि २२३ दोन्ही १५ च्या वर्गाच्या, म्हणजे २२५ च्या आत, त्यामुळे २, ३, ५, ७, ११, १३ एवढंच पुरे. २२१ ला १३ ने भाग जातो (१३×१७), ११ वरच थांबलात तर ती मूळ वाटेल. २२३ ला कशानेच जात नाही, ती मूळ.