गॉथिक कॅथेड्रल कसे पाहावे: शार्त्रमधला एक दिवस

युरोपच्या सहलीत कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, वाट्याला जेमतेम वीस मिनिटे येतात. दारासमोर फोटो, आत एक चक्कर, की निघाली बस. मग एक उंच, अंधारे चर्च एवढेच लक्षात राहते. या इमारती क्रमाने पाहाव्या लागतात, आणि हा क्रम शिकायला फ्रान्समधल्या शार्त्रइतकी चांगली जागा नाही. ११९४ च्या आगीनंतर हे कॅथेड्रल बहुतांशी एकाच पिढीत पुन्हा उभे राहिले आणि त्याच्या मूळ काचांपैकी बऱ्याच आजही जागेवर आहेत. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते. ऊन असलेला दिवस निवडा आणि लहान दुर्बीण बरोबर घ्या. दुर्बीण नसेल तर उंचावरच्या काचा म्हणजे नुसते रंगीत ठिपके दिसतील.

१. लगेच आत जाऊ नका

आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. भिंतींपासून दूर उभे असलेले जाड दगडी खांब आणि तिथून भिंतीकडे झेपावणाऱ्या अर्ध्या कमानी दिसतील. हेच फ्लाइंग बट्रेस. आतले दगडी छत सुमारे ३७ मीटर उंचीवर आहे आणि त्याचे वजन भिंतींना बाहेर रेटते. पूर्वीचे गवंडी यावर एकच उपाय करत: भिंती जाड, खिडक्या लहान. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या या नव्या शैलीच्या, कारागिरांनी टोकदार कमानी आणि छताच्या दगडी बरगड्या वापरून ते वजन ठरावीक बिंदूंवर आणले, आणि तिथला रेटा या बट्रेसवाटे जमिनीत उतरवला. मधल्या भिंतीला कामच उरले नाही, म्हणून तिथे काच आली. आत जो प्रकाश दिसणार आहे त्याचे कारण इथे बाहेर उभे आहे. बट्रेसच्या दोन कमानींमध्ये बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे आखूड खांब बसवले आहेत, ते चुकवू नका. पुढे उंचीची चढाओढ लागली. फ्रान्समधल्याच बोव्हे इथल्या कॅथेड्रलचे छत ४८ मीटरवर नेले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला.

२. दोन दरवाज्यांवरच्या मूर्ती ताडून पाहा

माझ्या मते शार्त्रमध्ये सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे. पश्चिमेचा दरवाजा आगीतून वाचला. तो बाराव्या शतकाच्या मध्याचा आहे. त्यावरचे राजे-राण्या खांबाइतकेच लांब आणि अरुंद आहेत. हात अंगाला चिकटलेले, वस्त्रांच्या चुण्या बारीक आणि समांतर, पावले खाली लोंबती. खांबाबाहेर जायची त्यांना मुभाच नाही. उजव्या कमानीत त्या काळच्या सात विद्या कोरल्या आहेत. घंटा वाजवणारी संगीतविद्या शोधा. तिच्या खाली मांडीवरच्या फळीवर वाकून लिहिणारा माणूस पायथागोरस मानला जातो.

आता दक्षिणेच्या दरवाज्याकडे या. इथे योद्ध्याच्या वेशातला संत थिओडोर आहे, तेराव्या शतकातला. त्याची पावले सपाट टेकली आहेत, कंबर किंचित एका बाजूला गेली आहे, हातात भाला आहे. जेमतेम पाऊणशे वर्षांच्या अंतराने दगडातल्या माणसाला स्वतःचे वजन मिळाले. इटलीतल्या प्रबोधनकाळाने माणसाचे शरीर नव्याने शोधले असे आपण शाळेत शिकतो, पण त्याची सुरुवात या दरवाज्यांवर झालेली दिसते.

३. आत गेल्यावर आधी थांबा

डोळे सरावायला काही मिनिटे लागतात. २००९ पासून सुरू झालेल्या सफाईत भिंतींची काजळी निघाली. काहींना ती जुनी काळोखी हवी होती. मला मात्र उजळ भिंतीच पटतात, कारण बांधणाऱ्यांनीही भिंती फिकट रंगानेच रंगवल्या होत्या.

दक्षिणेच्या काचा दुपारी, पश्चिमेच्या तीन उंच खिडक्या ऊन कलल्यावर पाहा. उत्तरेच्या मोठ्या चक्राकार खिडकीला थेट ऊन मिळत नाही, त्यामुळे तिचा निळा रंग दिवसभर शांत राहतो. दक्षिण बाजूला मेरीची प्रसिद्ध निळी खिडकी आहे. तिचा मधला भाग आगीच्या आधीचा असून भोवतीच्या काचा तेराव्या शतकातल्या आहेत.

काचचित्र साधारणपणे खालून वर वाचायचे. सरावासाठी दक्षिण बाजूची, बायबलमधल्या ‘दयाळू शोमरोनी’ या कथेची खिडकी घ्या. तळाशी चांभार काम करताना दिसतात. त्यांच्या वर लुटला गेलेला वाटसरू आणि त्याला उचलून नेणारा परका माणूस. आणखी वर आदम-हव्वा. धर्मकथेच्या पायथ्याशी धंद्यातली माणसे बसली आहेत, आणि अशी चित्रे इतर खिडक्यांतही सापडतात.

जमिनीवरचे सुमारे १३ मीटर व्यासाचे चक्रव्यूह शेवटी पाहा. एरवी त्यावर खुर्च्या असतात.

४. पुढे कुठे पाहाल

पॅरिसला परतल्यावर ऑर्से संग्रहालयात जा. क्लोद मोनेने १८९० च्या दशकात रूआँच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग वेगवेगळ्या प्रकाशात तीसएक वेळा रंगवला. त्यातली काही चित्रे इथे आहेत. प्रबोधनकाळापासून रानटी ठरवली गेलेली गॉथिक शैली एकोणिसाव्या शतकात अशी पुन्हा डोक्यावर घेतली गेली.

त्याच लाटेत ती मुंबईत पोहोचली. १८७८ ते १८८८ दरम्यान बांधलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या टोकदार कमानी त्यातल्याच. तिथल्या दगडातले मोर आणि माकडे घडवण्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात चक्राकार खिडकी आहे आणि तिच्या काचांत बारा राशी आहेत. शार्त्रच्याही एका खिडकीत राशी आहेत, शेजारी महिन्यांची शेतीकामे घेऊन. फ्रान्सचे तिकीट काढण्याआधी दुर्बीण घेऊन फोर्टात एक सकाळ घालवा, आणि क्रम तोच ठेवा: आधी बाहेरून, मग मूर्ती, मग काच.