पॉपलरची रोपं घेण्याआधी बांधाचा चर काढा

बांधाकडच्या चार-पाच ओळी दरवर्षी खुरटतात आणि शेतकरी दुकानातून टॉनिकची बाटली आणतो. वाळवा, पलूस, कराड, कुठंही बघा. रोग नसतोच. निलगिरी-सुबाभळीच्या मुळ्या सरीत शिरलेल्या असतात, कारण बांधालगत चर काढलेला नसतो.

अशात कुणी पॉपलर या लाकडासाठीच्या झाडाची रोपं घेऊन आला आणि "क्षारपड (मीठ फुटलेल्या) रानाला उत्तम, सहा वर्षांत प्लायवूडला जातं" म्हणाला, तर पैसे काढू नका. ते गणित पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईचं. तिथल्या डेल्टॉइड्स जातीच्या पॉपलरची पानं थंडीत झडतात, म्हणून खालच्या गव्हाला ऊन मिळतं. त्याची शिफारस साधारण 28 अंश अक्षांशाच्या उत्तरेला. आपली सांगली 17 अंशांच्याही खाली.

करडा पॉपलर ही दुसरी जात तर त्याहून त्रासाची. पांढरा पॉपलर आणि अ‍ॅस्पेन (पॉपलरच्याच कुळातलं झाड) यांचा हा संकर, मूळचा युरोप-पश्चिम आशियातला. पानाखाली राखाडी लव, फिकट सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या खुणा. नर-मादी झाडं वेगळी आणि बहुतेक नरच, त्यामुळं पसारा बियांपेक्षा मुळांवरच्या फुटव्यांनी होतो. मुळ्या उथळ आणि लांब पळतात. झाड तोडलं तर फुटवे आणखी जोरात येतात. क्षारपड रानात पदरमोड करून निचऱ्याचे पाईप पुरलेत ना? पॉपलरच्या मुळ्या पाण्याच्या शोधात त्यात शिरून ते तुंबवतात.

बांधावर आज जे झाड आहे, त्याला चर काढाच. बुंध्यापासून 1 ते 1.5 मीटरवर, 45 सेंमी रुंद, 75 सेंमी खोल. रानाच्या बाजूला राहिलेले मुळ्यांचे तुकडे वेचून बाहेर टाका. फुटवे येणाऱ्या जातीत तुकडाही फुटतो. दर दोन उन्हाळ्यांनी चर पुन्हा साफ करा. माझा अंदाज असा की वळीव चांगला झाला त्या वर्षी मुळ्या लवकर चर ओलांडतात, तेव्हा वाट बघू नका.






मृगाचा पाऊस लागला की काळ्या रानात जेसीबी उतरत नाही, चरही ढासळतो. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून या आठवड्यातच मशीन सांगा. टॉनिकच्या पैशातच भाडं भागेल.