चित्र बघून काय वाटलं ते लिहून कसं ठेवायचं

मॉडर्न आर्ट बघायला गेलं की बहुतेक जण आधी शेजारची पाटी वाचतात आणि मग चित्राकडे वळतात, तसं नका करू प्लीज, कारण एकदा पाटी वाचली की तिचीच वाक्यं डोक्यात फिरतात आणि आपल्याला काय वाटलं ते राहूनच जातं.

सुरुवातीला मुंबईतलं एनजीएमए म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट बेस्ट, रीगल सिनेमाजवळ, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमधलं, 1996 ला सुरू झालेलं, सोमवारी बंद असतं. सगळंच बघायचा हट्ट नको. आधी वर घुमटापर्यंत भराभर एक चक्कर मारा, कुठे पाय अडले ते लक्षात ठेवा आणि उतरताना फक्त त्या दोन-तीन कामांपाशी थांबा. सोबत वही आणि पेन्सिल ठेवा, पेन बऱ्याच म्युझियममध्ये चालत नाही. फोटो सगळ्यात शेवटी.

पहिलं वाक्य जसं येईल तसं लिहा, "काही कळलं नाही" आलं तरी चालेल. मग स्वतःला विचारा, असं नेमकं कुठे बघून वाटलं? खरं काम इथेच आहे. समजा समोर गायतोंड्यांचं चित्र आहे. वासुदेव गायतोंडे म्हणजे अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार, नागपूरचा जन्म, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, त्यांची बरीच चित्रं 'अनटायटल्ड' म्हणजे नावाचाही आधार नाही. "शांत वाटलं" एवढ्यावर थांबू नका, जवळ जा, रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पात्याने) रंगाचे थर चढवलेत, काढलेत, कुठेतरी खालचा उजळ रंग वरच्या गडद थरातून झिरपल्यासारखा दिसतो, मग लिहा की नजर त्या उजळ जागेवर गेली आणि तिथून हलेना. आता ते वाक्य तुमचं झालं, दुसऱ्या कोणाच्या चित्राला ते चिकटवता येणार नाही.

मोठी इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू मांडून जागेत उभं केलेलं काम असेल तर लांबून एकदा आणि जवळून एकदा असं वेगवेगळं लिहायचं. दिल्लीत साकेतच्या किरण नाडर म्युझियमचं, कलाकार सुबोध गुप्तांनी केलेलं 2008 चं 'लाइन ऑफ कंट्रोल' घ्या. लांबून अणुस्फोटाचा ढग दिसतो, एकदम अंगावर येतो, आणि जवळ गेलं की लक्षात येतं अरे ही तर सगळी स्टीलची भांडी, आपल्या घरातल्या मांडणीवर असतात तशीच! आधी भीती वाटली की आधी ओळखीचं वाटलं, आणि एक दुसऱ्यात कधी बदललं, हा क्रम नक्की लिहा, मला तर त्या कामात तोच सगळ्यात भारी भाग वाटतो.

एखादं काम आवडलं नाही तर तेही बिनधास्त लिहा, फक्त "हे काय, कोणीही करेल" म्हणून सोडून देऊ नका, कशाने चिडचिड झाली ते शोधा, आकार, रंग, आवाज की नुसताच पसारा.

एवढं झालं की पाटी वाचा. मत बदललं तर वरचं खोडू नका, खाली नवीन ओळ टाका. आणि सोबत कोणी असेल तर बाहेर चहा घेताना एकमेकांचं वाचून दाखवा, एकाच चित्रापुढे उभं राहून दोघांनी किती वेगळं बघितलं ते तेव्हा कळतं.